वहीत न लिहिलेलं तुझं 'नाही'

कुसुम,

तुझ्याबद्दल गोड लिहायला सांगितलंय मला. चर्चमधल्या आपल्या मराठी संगतीच्या अंकासाठी एक पान, सोबत तुझा निळ्या साडीतला फोटो. निखिलने फोनवर अगदी अदबीने सांगितलं, "काका, तुम्ही त्यांचे दाजी. तुमच्याइतकं कोण ओळखतं त्यांना? फक्त एक रिक्वेस्ट आहे, तो सेपरेशनचा टॉपिक नको. कमिटीला वाटतं, आता जखम भरत आलीये."

मी विचारलं, "कोणाची?"

तो म्हणाला, "काका, प्लीज."

तर हे ते पान. एकाची बरीच झाली आहेत आणि एकही गोड नाही. त्यांनी नाही छापलं तर मी प्रती काढून दारात उभा राहून वाटीन. पानं वाटायची सवय मला जुनी आहे, हे तुझ्याइतकं कोणाला माहीत?

दोन आठवडे झाले तुला जाऊन. मालतीच्या शेजारीच ठेवलं तुला. दोघी बहिणी आता शेजारी आहात, आणि माझी बाजू घेणारं तिथे कोणी नाही. मालती सहा वर्षांपूर्वी गेली म्हणून तिला हे काही बघावं लागलं नाही. तुला सगळं बघावं लागलं, आणि ते मी केलेलं होतं.

आधी ते कुठून आलं ते सांगतो. बहाणा म्हणून नाही. तुला मी हे कधी नीट सांगितलंच नाही.

नगरकडे आमच्या ख्रिस्ती मंडळीचे चिटणीस माझे वडील होते. मी कॉलेजात असताना एकदा प्रार्थनामंदिरामागच्या जमिनीवरून बैठकीत असं पेटलं की खुर्ची फेकली गेली, एका पंचाचा चष्मा फुटला. घरी येऊन वडिलांनी वहीत लिहिलं, 'सांगोपांग चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर.' मी हसलो. ते म्हणाले, "वहीत भांडण लिहू नये. भांडण मरतं, वही राहते." पुढच्या वर्षी मंडळी फुटलीच. एकाच दाराला दोन कुलुपं लागली, प्रकरण कोर्टात गेलं, आणि माझे वडील कित्येक रविवार गीतांचं पुस्तक मांडीवर घेऊन पायरीवर बसत. आत जाता येत नव्हतं आणि घरी बसवत नव्हतं. ते दृश्य मी सोबत घेऊन अमेरिकेत आलो. त्यातून शिकायचं होतं की खोट्या एकमताने मंडळी वाचत नाही. मी शिकलो भलतंच: वडिलांनी अजून जोर लावून एकमत लिहायला हवं होतं.

इथे आणलंस तू. नर्स म्हणून तू आधी आलीस, मग बहिणीला आणि मला बोलावून घेतलंस. टेक्सासमधलं हे विटांचं चर्च तूच शोधलंस. आजूबाजूला तेव्हा शेतं होती, आता सॉफ्टवेअरवाल्यांची घरं आहेत. पुण्या-नागपूरची आपली पोरं यायला लागली तेव्हा दुसऱ्या आणि चौथ्या रविवारी दुपारी चर्चच्याच हॉलमध्ये मराठी उपासना सुरू झाली. आपण वेगळे नव्हतो, त्याच मंडळीचे सभासद होतो. मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचमंडळात तुला निवडलं आणि चिटणीस म्हणून मला. मला मत नव्हतं. चिटणिसाचं काम एकच असतं, जे झालं ते लिहायचं. इंग्रजी इतिवृत्त वहीत, आणि इंग्रजी न वाचणाऱ्या आपल्या म्हाताऱ्या बायकांसाठी त्याचं एक मराठी पान. ते पान मी स्वतः लिहून, प्रती काढून हॉलच्या दारात वाटायचो. सरोजमावशी ते बायबलमध्ये घडी घालून ठेवायच्या. त्या पानाचा मला केवढा अभिमान होता! तू म्हणायचीस, "दाजी, तुमचं पान म्हणजे पाचवं शुभवर्तमान. चुकायची सोय नाही."

मग वॉल्टर, पंचमंडळाचा अध्यक्ष. त्याच्याबद्दल मला आजही सरळ वाईट लिहिता येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. हाच माणूस मालतीच्या आजारपणात रोज सूप घेऊन यायचा. आपल्याला हॉल मिळवून दिला तोही यानेच. आणि हाच निवडणूक जवळ आली की कुठल्याशा राजकीय संघटनेची पत्रकं आणून बाकांच्या मागच्या कप्प्यात, गीतांच्या पुस्तकाशेजारी सरकवायचा. कोणता उमेदवार कशाच्या बाजूने, याचा तक्ता. खाली छोट्या अक्षरात, 'आम्ही कोणालाही मत द्या असं सांगत नाही.' तू तो गठ्ठा उचलून त्याच्या हातात परत दिलास. "वॉल्टर, हे तुमचं इथे राहिलं." तो हसला. परत ठेवला. तू परत उचललास.

चर्चच्या पाळकबाई दुसऱ्या टोकाच्या. निवडणुकीच्या आदल्या रविवारी त्यांनी उपदेशात नाव न घेता असा काही उमेदवार रंगवला की शेंबड्या पोरालाही कळावं कोण ते. सगळ्यांना वाटलं तू खूश असशील. तू दारात त्यांचा हात हातात घेऊन म्हणालीस, "बाई, तुम्हीही तेच करता, फक्त रंग वेगळा. आजारी माणूस इथे औषधाला येतो, तुम्ही दोघं त्याला आधी पक्ष विचारता." बाई लाल झाल्या. पण त्यांनी ते ऐकलं, पुढच्या रविवारी व्यासपीठावरून माफी मागितली. वॉल्टरने कधी मागितली नाही. हा फरक मी तेव्हा पाहिला होता, आणि तरीही.

तीन वर्षांपूर्वी तो ठराव आला. समलिंगी माणसांना पाळक होऊ देणारा, त्यांची लग्नं लावू देणारा संप्रदाय सोडायचा. ज्या संप्रदायात ही मंडळी जन्मली तोच. वॉल्टर म्हणाला, ही आपल्या मंडळीच्या अंतःकरणातली हाक आहे. कुसुम, ती हाक छापील होती. कुठल्या तरी वकिलाकडून तयार होऊन आलेली दोन पानं, आणि पहिल्याच ओळीत मंडळीचं नाव लिहायला रिकामी रेघ. कितीशे मंडळ्यांना तोच कागद गेला असेल देव जाणे. ती रेघ मी भरली. माझ्या पेनने, माझ्या चांगल्या अक्षरात. त्यानंतर हे मी कोणाला बोललो नाही.

पंचमंडळाची बैठक रविवारी उपासनेनंतर झाली, मागच्या खोलीत. कॉफी, डोनट. वॉल्टर म्हणाला, "आपण सगळे एक कुटुंब आहोत, तेव्हा हात वर करून उरकून टाकू." तू म्हणालीस, "कुटुंबात आधी बोलतात."

आणि तू बोललीस. आम्हाला कोणालाच माहीत नसलेलं बोललीस. मलाही नाही, चाळीस वर्षं तुझ्या हातचं जेवून. इथे आल्यावर पहिली नोकरी तुला ज्या वॉर्डात मिळाली तिथे तरुण पुरुष मरत होते, तेव्हा ज्या आजाराचं नाव कोणी घेत नव्हतं त्या आजाराने. जेवणाचे ट्रे दाराबाहेर ठेवून लोक निघून जायचे. पाळक आले तर कॉरिडॉरमधून प्रार्थना करायचे. एका पोराने मरण्याआधी प्रभुभोजन मागितलं, पाळकाच्या हातून मिळते ती भाकर आणि द्राक्षरस. तू पाच पाळकांना फोन केलेस. कोणी म्हणालं पुढच्या आठवड्यात, कोणी म्हणालं आधी पश्चात्ताप. त्याच्याकडे पुढचा आठवडा नव्हता. तू वॉर्डाच्या स्वयंपाकघरातून खारी बिस्किटं आणि द्राक्षाचा रस आणलास आणि स्वतःच्या हाताने त्याला दिलंस. मग शेजारच्या खाटेवरच्याने मागितलं. मग त्याच्या शेजारच्याने.

"मला पाळकाची दीक्षा नव्हती," तू म्हणालीस. "ते प्रभुभोजन चाललं की नाही ते देवाला विचारा. पण ज्यांना मंडळीने दारातून परत पाठवलं त्यांना मी बिस्किटावर ते दिलं आहे. त्यांच्याविरुद्ध हाच हात मी वर करणार नाही. आणि माझा विरोध नोंदवायचा, कारणासहित. तो माझा हक्क आहे. दाजी, लिहिताय ना?"

मी लिहीत होतो. माझ्या कच्च्या कागदावर ते शब्दन् शब्द आहे. तो कागद मी फाडला नाही, एवढंच माझं पुण्य.

अकरा हात वर गेले. तुझा मांडीवर होता. वॉल्टर मऊ आवाजात म्हणाला, "कुसुम, आमचं प्रेम आहे तुझ्यावर."

"मी प्रेमाबद्दल विचारलंच नव्हतं," तू म्हणालीस.

बाहेर गाड्यांपाशी त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "भास्कर, लोकांपुढे हे एकमताने गेलं तर मंडळी तुटायची वाचेल. तिला वाईट वाटेल असं काही आपण करत नाही आहोत. पण एका मताने शंभर लोक गोंधळतील. तू समजूतदार आहेस." त्याने धमकी दिली नाही, हॉलचं नावही काढलं नाही. लोकांना वाटतं माझ्यावर दबाव होता. नव्हता. मला फक्त दोन कुलुपं दिसली आणि पायरीवर बसलेले वडील. सोमवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, चहा घेत, शांतपणे, मी लिहिलं: सांगोपांग चर्चा होऊन ठराव एकमताने मंजूर. वहीत इंग्रजीत. आणि पानावर मराठीत.

ते पान मी दारात वाटलं. सरोजमावशींनी चष्मा चढवून वाचलं. "कुसुमपण हो म्हणाली?"

"पानावर आहे ना, मावशी."

"मग झालं. ती म्हणते तर विचार करूनच म्हणत असेल."

बघ, तुझं नाव असं वापरलं मी. तुझ्या विरोधाला घाबरत होतो आणि तुझ्या पुण्याईवर मतं मिळवत होतो. पोरांना तर चर्चाच नको होती. निखिल म्हणाला, "काका, आपण लो प्रोफाइल ठेवू ना यार. माझं व्हिसा एक्स्टेन्शन पेंडिंग आहे. ज्यांचा हॉल त्यांच्या बाजूने व्होट करू आणि मोकळे होऊ." निखिल हे त्याचं खरं नाव नाही. पोरगा भला आहे आणि त्याची भीती खरी होती. माझी कुठली खरी होती? माझ्याकडे पासपोर्ट होता, घर होतं, ऐंशीला टेकलेलं वय होतं. कोण काय करणार होतं मला?

मग सगळ्या सभासदांची सभा. दोन तृतीयांश मतं हवी होती. मतदानाआधी तू उभी राहिलीस आणि म्हणालीस, पंचमंडळात हा ठराव एकमताने झाला नाही, माझा विरोध होता. वॉल्टरने शांतपणे वही उघडली आणि माझी ओळ वाचून दाखवली. चिटणिसाची सही आहे, म्हणाला.

तू माझ्याकडे पाहिलंस.

मी माझ्या बुटांकडे पाहत होतो. डाव्या बुटाची नाडी सुटली होती. वाकून मी ती बांधायला लागलो. कुसुम, मी नाडी बांधत बसलो.

मागून कोणीतरी मराठीत बोललं, "वय झालंय बाईंचं, विसरतात." तू ते ऐकलंस. पन्नास वर्षं दुसऱ्यांच्या औषधांच्या वेळा तोंडपाठ ठेवणारी तू. तू पर्स उचललीस आणि बसलीस. ठराव नऊ मतांनी पार पडला. हॉलमध्ये आपली एकतीस माणसं होती. गणित कोणीही करावं.

त्या दिवसानंतर तू त्या चर्चमध्ये पाऊल ठेवलं नाहीस. पाळकबाई आणि उरलेले वीस-पंचवीस जण वाचनालयाच्या खोलीत जमायला लागले, घडीच्या खुर्च्यांवर. तू खुर्च्या मांडायला आधी जायचीस.

आणि दर गुरुवारी माझ्याकडे यायचीस! याचा मला अजून राग आहे, तुझ्यावर. तू माझ्यावर ओरडायला हवं होतंस. चार लोकांत माझं तोंड काळं करायला हवं होतंस. त्याऐवजी तू मटणाचा रस्सा आणलास, फ्रीजमधलं शिळं फेकलंस, मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलंस. गाडी चालवायचीस ती अशी की ट्रकवाले वाट देत. आणि नजर रस्त्यावर ठेवून, दर महिन्या-दोन महिन्यांनी, एकच वाक्य.

"दाजी, वहीत दुरुस्ती करा."

मी म्हणायचो, पुढच्या बैठकीत. बैठक झाली की म्हणायचो, आज विषयपत्रिका मोठी होती.

एकदा चिडून म्हणालो, "काय मिळणार आहे तुला? मंडळी गेली, ठराव गेला, सगळे विसरले. वहीत भांडण लिहू नये. भांडण मरतं, वही राहते."

"राहते ना? मग खरं लिहा." तू हॉर्न मारलास, कोणाला ते मला कळलं नाही. "मंडळी परत नकोय मला. मी बोलले होते, एवढं राहू दे. उद्या आपल्यातली एखादी पोर ते पान वाचेल. तिला वाटायला नको की तेव्हा एकही बाई 'नाही' म्हणाली नाही."

आणि तो शेवटचा गुरुवार. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन माझी पट्टी काढली होती. तू विचारलंस, "अक्षरं दिसतात आता?" मी म्हटलं, लख्ख. "छान. मग आता वाचून बघा तुम्ही काय लिहिलंय ते." मी हसलो. तूही हसलीस. मंगळवारी तू गेलीस.

यावरही मी कदाचित गप्प राहिलो असतो. इतका मी मला ओळखतो. पण तुझ्या अंत्यविधीला वॉल्टर आला. वाचनालयाच्या त्या खोलीत, घडीच्या खुर्चीवर बसून तो खरोखर रडला. मग माझ्यापाशी येऊन म्हणाला, "बाई फार धीराची. त्या बैठकीत कशी एकटी नाही म्हणाली होती, आठवतं?"

आठवतं!

तीन वर्षं मी समजूत घालत होतो की वॉल्टर ते विसरला असेल, त्याने माझी ओळ खरी मानली असेल. त्याला सगळं आठवत होतं. सभेत वही वाचताना आठवत होतं. बाईंचं वय झालंय असं लोक म्हणाले तेव्हा आठवत होतं. तू जिवंत असताना तुझं 'नाही' त्याला अडचणीचं होतं, आता तू पेटीत असताना ते त्याला कौतुकाचं वाटलं. आणि तो वाईट माणूस नाही, हेच भयंकर आहे. त्याला वाटतं, त्याने मंडळी वाचवली. मलाही तेच वाटत होतं. काय वाचलं? मूळ संप्रदाय सुटला, पाळकबाई गेल्या, आता बाहेरचे वक्ते येतात आणि देशात कोण हवं, कोण नको, हे व्यासपीठावरून सांगतात. आमची पोरं मागच्या बाकावर माना खाली घालून ऐकतात. चौथ्या रविवारचा हॉल गेला. दुसरा किती दिवस आहे, कोणी विचारत नाही. लो प्रोफाइल.

गेल्या रविवारी सभेत मी उठलो. म्हणालो, त्या वेळच्या इतिवृत्तात मी खोटं लिहिलं, मला दुरुस्ती करायची आहे. वॉल्टर अध्यक्षस्थानी होता. क्षणभर त्याचा चेहरा उतरला, मग तो नेहमीच्या मऊ आवाजात म्हणाला, "भास्कर, दुःखात आहेस तू. ती संस्था आता उरली नाही, तिच्या वह्या वकिलाकडे आहेत. जिथे वहीच नाही तिथे दुरुस्ती कशात करणार? पुढचा विषय घेऊ."

तेवढ्यात मागून सरोजमावशींचा आवाज आला, मराठीत, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असा. "भास्करराव, म्हणजे कुसुम खरं बोलत होती?"

मी मागे वळलो. या वेळी बुटांकडे पाहिलं नाही.

"हो, मावशी."

"आणि आम्ही तिला विसरभोळी ठरवलं."

"मी ठरवलं, मावशी. तुम्ही माझं पान वाचलंत."

मावशींनी बायबलमधून तीन वर्षांपूर्वीची ती घडी काढली, उभ्या राहिल्या, काठी टेकत पुढे आल्या आणि पान माझ्या हातात दिलं. "हे परत घ्या. नवीन द्या."

वॉल्टर विचारत होता, काय म्हणाल्या त्या? कोणी सांगितलं नाही.

कुसुम, तुझी क्षमा मी मागत नाही. तू दर गुरुवारी डब्यातून देत होतीस ती, आणि मी खाऊन डबा धुऊन परत करत होतो. तू मागितलेलं एकच होतं. इंग्रजी वही माझ्या हातात नाही. पण खोटं मी मराठीतही लिहिलं होतं, आणि ते पान माझं आहे. तेव्हा हे नवीन पान.

दुरुस्ती.

पंचमंडळाच्या त्या बैठकीत मूळ संप्रदाय सोडण्याचा ठराव वॉल्टर यांनी मांडला. ठराव बाहेरून छापून आला होता. मंडळीचं नाव रिकाम्या जागेत चिटणिसाने भरलं. चर्चा सांगोपांग झाली नाही. बाजूने मतं अकरा. विरोधात मत एक, कुसुम साळवे यांचं. कारण त्यांच्याच शब्दांत: "ज्यांना मंडळीने दारातून परत पाठवलं त्यांना मी बिस्किटावर प्रभुभोजन दिलं आहे. त्यांच्याविरुद्ध हाच हात मी वर करणार नाही." विरोध नोंदवावा अशी त्यांनी मागणी केली. चिटणिसाने तो तेव्हा ऐकला, कागदावर उतरवला आणि वहीत लिहिला नाही. पुढे सर्वसाधारण सभेत त्यांनी जे सांगितलं ते खरं होतं. त्यांची स्मरणशक्ती शेवटपर्यंत उत्तम होती.

ठराव एकमताने मंजूर झाला नाही.

भास्कर गायकवाड, चिटणीस